रणगाड्याच्या पोटात कोण होतं?

पुण्यातल्या आमच्यासारख्या लोकांची वीकेंडची यादी ठरलेली असते. लोणावळा, मुळशी, ताम्हिणी, आणि कुणालाच काही सुचलं नाही की सिंहगड. मग वर्षातून एकदा टीममधल्या कुणाला तरी साक्षात्कार होतो, "अरे, नगरला टँक म्युझियम आहे! आशियातलं एकमेव म्हणतात!" ('एकमेव' या शब्दावर आपला फार जीव.) झालं. सकाळी सहाला निघायचं ठरतं, साडेसातला निघतो, शिरूरच्या अलीकडे मिसळ, अकराला म्युझियम. मग दीड तास फोटो. नळीखाली उभं राहून एक, नळीला टेकून एक, छाती काढून सॅल्यूट मारतानाचा एक. जेवण. 'वेळ उरला तर' भुईकोट किल्ला. संध्याकाळी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. आणि रात्री सगळे फोटो ग्रुपवर, खाली 'प्राउड मोमेंट'.

आता पुढे जे लिहिणार आहे ते वाचून काही मंडळी चिडतील. चिडू देत. माझं म्हणणं साधं आहे. युद्ध या विषयावर आपण सहली काढतो, महोत्सव भरवतो, मिरवणुका काढतो, पण त्यात युद्ध कुठेच नसतं. लोखंड असतं, तलवारी असतात, धूर असतो, डॉल्बी असतो. माणूस नसतो. आणि हे चुकून होत नाही हो, आपल्याला ते तसंच हवं असतं.

म्युझियमला मी नावं ठेवत नाहीये, हे आधीच सांगतो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये ते सुरू केलं आणि जे जमवलंय ते खरोखर बघण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे (हो, तीच रोल्स रॉइस), ब्रिटिशांचा माटिल्डा आहे, जपान्यांचे डब्यासारखे छोटे रणगाडे आहेत, आपला विजयंता आहे, सेंचुरियन आहे आणि पाकिस्तानकडून हिसकावलेला पॅटन आहे. पण रणगाडा बोलत नाही. त्याच्याकडून काही ऐकायचं असेल तर प्रश्न आपण विचारायला लागतात, आणि आपला प्रश्न एकच असतो, "याच्यावर चढू देतात का?"

ऑनसाइट असताना इंग्लंडमध्ये एकदा एका गावातल्या जुन्या रेल्वे स्टेशनवर '१९४०चा वीकेंड' बघायला गेलो होतो. तिकडे या प्रकाराला जिवंत इतिहास म्हणतात. लोक त्या काळचे कपडे घालून येतात, जीप असतात, बँड असतो, आणि बरीचशी हौसच असते. जिथे तिथे चर्चिलसारखा दिसणारा एक जाड्या असतोच. पण माझ्या लक्षात राहिलं ते एक टेबल. एका आजींनी त्यावर एका माणसाचं एका आठवड्याचं रेशन मांडून ठेवलं होतं. लोण्याचा दोन औंसांचा तुकडा, चार औंस बेकन, थोडी साखर, एक अंडं. एक! आठवड्याला! शेजारी दहा-बारा वर्षांची पोरं गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्याला गॅस मास्कचा डबा अडकवून उभी होती. लंडनमधून आईबापांशिवाय खेड्यात पाठवलेली मुलं अशीच चिठ्ठी लावून गाडीत बसायची. त्या टेबलासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की युद्ध म्हणजे काय ते बँडपेक्षा जास्त कळत होतं.

तिथेही सगळं गोड होतं असं नाही. अख्ख्या स्टेशनवर हिंदुस्थानचा उल्लेख नव्हता. २५ लाख हिंदी सैनिक त्या युद्धात होते, आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये ३० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळात मेली, तीही त्याच युद्धाच्या कारभारामुळे. मी आजींना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्याकडे रेशन कधी लागलं?" म्हटलं, मुंबईत मे १९४३ मध्ये. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला ती वही आवडली.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे 'इतिहास जिवंत करणे' याचा अर्थ ठरून गेलाय. फेटा, भगवा, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या ताई, प्लास्टिकच्या तलवारी, भाड्याचे घोडे (जे स्पीकरला बिचकून मागे सरकत असतात), आणि निवेदकाचा तो कापरा आवाज. एका तालुक्याच्या गावी मी असला एक महोत्सव पाहिला. नाव सांगत नाही, कारण नाव कुठलंही घातलं तरी चालेल. लढाई झाली सव्वाचार मिनिटं. त्याआधी सत्कार झाले पन्नास मिनिटं. शत्रू म्हणून कॉलेजच्या एनएसएसची पोरं होती, काळे झगे घालून. ती ओळीने पडली, टाळ्या झाल्या, मग उठून कपडे झटकत वडापावच्या रांगेत गेली.

'जाणता राजा'सारखं महानाट्य असेल तर ते निदान नाट्य म्हणून येतं, तिकीट काढून रंगमंच बघायला आपण जातो. आणि मर्दानी खेळ करणारी जी मंडळी आहेत, दांडपट्टा शिकण्यात ज्यांनी वर्षं घातलीत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. ती खरी विद्या आहे. माझा राग त्या खेळांना तोंडी लावायला घेणाऱ्यांवर आहे.

आमच्या धंद्यात डेमो आणि प्रॉडक्शन असे दोन शब्द आहेत. डेमोमध्ये सगळं चालतं. क्लायंट समोर बसलेला असतो, ठरलेलं बटण दाबायचं, ठरलेला स्क्रीन येतो. प्रॉडक्शनमध्ये रात्री तीनला सर्व्हर पडतो आणि फोन कोण उचलणार यावरून भांडणं होतात. आपण युद्धाचे फक्त डेमो बघतो. त्यामुळे आपली अशी समजूत झाली आहे की युद्ध म्हणजे बटण दाबलं की दिसणारा स्क्रीन. मग चार दिवस टीव्हीवर तोफा दणाणल्या की आमच्या कँटीनमध्ये "एकदाचं उडवून टाका" म्हणणारे पंधरा सेनापती तयार होतात. मार्च-एप्रिलच्या अप्रेझलला घाबरणारे हेच ते लोक! :-)

तर परत त्या पॅटनकडे. १९६५ च्या सप्टेंबरात, ८ ते १० तारखांना, पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला लढाई झाली. पॅटन तेव्हाचा जगातला भारी रणगाडा, आणि आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन, जुने सेंचुरियन, हलके फ्रेंच एएमएक्स. मग पाकिस्तानचे नव्वदच्या वर रणगाडे तिथे गेले कसे? शौर्य होतंच, अब्दुल हमीदने जीपवरच्या रिकॉइललेस गनने रणगाडे फोडले आणि त्यातच तो गेला. पण त्याच्याबरोबर पाणीही होतं. शेतांमध्ये पाणी सोडलं होतं. ते अवजड पॅटन चिखलात रुतले, आणि आपले रणगाडे उंच उसात दबा धरून बसले होते. म्हणजे त्या लढाईत कॅनॉल होता, ऊस होता, काळी-पिवळी माती होती. ज्या जिल्ह्यात पावलापावलावर साखर कारखाना आहे, उसाच्या पाण्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही, त्या नगर जिल्ह्यात उभ्या असलेल्या पॅटनपुढे ही गोष्ट सांगितली तर शाळेतल्या पोराला कळायला किती वेळ लागेल? पाच मिनिटं. ट्रॅक्टर चिखलात रुतल्यावर काय होतं हे त्याने बघितलेलं असतं.

आणि सेंचुरियन. पन्नास टनांच्या आसपास वजन, आत चार माणसं. कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. म्युझियमच्या आवारात जमिनीवर खडूने त्या आतल्या जागेचा आकार काढा आणि टीममधल्या चार जणांना त्यात तासभर बसवा. नगरच्या उन्हात, मे महिन्यात. मोबाइल बाहेर ठेवून. इंजिनचा आवाज स्पीकरवर लावा, डॉल्बी आहेच तुमच्याकडे. तासाभराने बाहेर आलेला माणूस त्या नळीला टेकून फोटो काढणार नाही, असं मी म्हणत नाही. काढेल. पण वेगळा काढेल.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल २१ वर्षांचा होता. पूना हॉर्सचा. १६ डिसेंबर १९७१ ला, म्हणजे ढाक्यात शरणागतीवर सह्या होत होत्या त्याच दिवशी, बसंतरच्या लढाईत त्याच्या सेंचुरियनवर गोळा बसला आणि तो गेला. परमवीरचक्र मिळालं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं? २००१ मध्ये त्याचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, आपलं जन्मगाव बघायला सीमेपलीकडे सरगोध्याला गेले. ज्यांच्या घरी उतरले ते पाकिस्तानी ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर. चांगला पाहुणचार केला, आणि मग त्यांनी स्वतःच सांगितलं की तुमच्या मुलाच्या रणगाड्यासमोर त्या दिवशी मीच होतो. ऐंशी वर्षांचा बाप आणि हे ऐकणं. हा प्रसंग आपल्या एकाही मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर दिसणार नाही, कारण त्याला पार्श्वसंगीत कुठलं लावायचं ते कळत नाही.

आता किल्ला. 'वेळ उरला तर' वाला.

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून आत जायचं. लांबून बघितलं तर भव्य वगैरे वाटत नाही, राजगड-रायगडाची सवय झालेल्या डोळ्यांना तर नाहीच. खंदक, मागे बसकी गोल तटबंदी. आपण म्हणतो "बस एवढंच?" पण युद्ध म्हणजे काय हे दाखवायला महाराष्ट्रात याच्याइतकी चांगली जागा क्वचितच असेल.

१५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला आणि वेढा पडला. आत चांदबिबी. मोगलांनी तटाखाली भुयारं खणून दारू ठासली. आतल्यांना त्याची खबर लागली, आणि त्यांनी आतून उलट खणून काही सुरुंग रिकामे केले. विचार करा, रात्री जमिनीखाली मशालसुद्धा जपून न्यायची, कारण पुढे दारू आहे. सगळे सापडले नाहीत. एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. चांदबिबी बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली हे चित्र आपल्याला माहीत आहे, कॅलेंडरवर असतं. दिवसभर लढाई झाली. पण किल्ला वाचला तो त्याच्या पुढच्या रात्री. त्या रात्री आतल्या माणसांनी ती भिंत परत उभी केली. सकाळी मोगल बघतात तर खिंडार बुजलेलं.

ही रात्र मला बघायची आहे. तलवारीचे चार हात नकोत. दगड कुठून आणले, चुना भिजवायला पाणी कुठून आणलं, पाट्या वाहणारे कोण होते, पोरंबाळं कुठे झोपली, धान्य किती उरलं होतं, प्रेतं कुठे ठेवली. हे करून दाखवायला खर्च तरी किती? फावडी, घमेली, कंदील, आणि शंभर-दोनशे स्वयंसेवक. खोटी भिंत बांधा, मला चालेल. रात्री आठला सुरू करा, पहाटे पाचला संपवा. लोकांना हाताला फोड आलेले घेऊन घरी जाऊ द्या. वीकेंडला पंधराशे रुपये देऊन चिखलात लोळण्याच्या शर्यतीत पळायला तुम्ही जाताच की!

आणि मग पुढचं पण दाखवा, इथे खरी गोम आहे. १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. १६०० मध्ये मोगल परत आले. या वेळी टिकाव लागणार नाही हे ओळखून चांदबिबी बोलणी करायच्या विचारात होती, तर तिच्याच लोकांनी ती फितूर झाली म्हणून तिला मारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. "एकदाचं उडवून टाका" म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांनी काय उडवलं ते बघा. आपला महोत्सव १५९६ ला थांबतो. १६०० चं स्क्रिप्ट कुणी लिहीत नाही.

(जाता जाता. नगरजवळच्या डोंगरावर ज्याला सगळे 'चांदबिबीचा महाल' म्हणतात आणि जिथे शनिवारी कणसं खायला जातात, तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ते सलाबतखानाचं थडगं आहे. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, त्यावरून दोन्ही बाजूंनी जेवढे फ्लेक्स लागले त्यातल्या एका फ्लेक्सचा खर्च जरी त्या पायथ्याशी नीट गोष्ट सांगणाऱ्या माणसावर केला असता तरी चाललं असतं. असो.)

१८०३ तर आपण विसरूनच गेलोय. ऑगस्टच्या ८ तारखेला वेलस्लीने, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच, नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला किल्ला ताब्यात घेतला. किल्ला शिंद्यांचा. पेठेच्या भिंतीवर लढणाऱ्यांत अरब शिपाई होते आणि शिंद्यांची कवायती पलटण होती. वेलस्लीच्या बाजूला मद्रासी शिपाई होते, आणि बघायला पेशव्यांचे सरदार गोखलेही होते. इंग्रज सकाळी आले, भिंत ओलांडली, आतले मारले आणि नाश्त्याला परत गेले, अशा अर्थाचं त्यांनी कळवल्याचं सांगतात. आता याचा देखावा कसा करणार? 'आपले' कोण आणि काळे झगे कुणाला घालायचे? म्हणून करत नाहीत. याच जिल्ह्यात जामखेडजवळ खर्डा आहे, १७९५ ला निजामाला हरवलं तिथे, तिथे सगळं सोपं आहे. खर्डा ते नगर, आठ वर्षं. त्या आठ वर्षांत काय बिघडलं हा प्रश्न कुठल्याही चांगल्या पोस्टमॉर्टेम मीटिंगमध्ये पहिला विचारला गेला असता.

आणि १९४२. युद्धकाळ म्हणाल तर हाच की! बाहेर महायुद्ध चालू, आणि 'छोडो भारत'नंतर काँग्रेस कार्यसमितीचे बारा जण या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, पटेल, आझाद, कृपलानी, पंत, नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव वगैरे. जवळजवळ पावणेतीन वर्षं. सुरुवातीला वर्तमानपत्रंसुद्धा मिळत नव्हती. नेहरूंनी बागेची माती भुसभुशीत केली आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे ट्रिपमध्ये कुणीतरी सांगतंच. मला आझादांबद्दल बोलायचंय. पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करणारा माणूस. खोलीत येणाऱ्या चिमण्यांवर पानंच्या पानं लिहिली. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांची बायको वारली. आजारपणाच्या बातम्या येत होत्या, सरकारकडे काही मागायचं असेल तर कळवतो असं जेलरने सुचवलं, यांनी सांगितलं की मागायचं काही नाही. मग तार आली.

ती खोली आजही आहे. तिच्यासमोर आपण किती वेळ उभे राहतो? मी मोजलंय, आमची अठरा जणांची टीम चार मिनिटांत बाहेर आली, कारण आत सेल्फीला उजेड बरा नव्हता.

समजा त्या ब्लॉकमध्ये 'एक दिवस बंदी' असा कार्यक्रम केला. सकाळी फोन जमा. दिवसभर बाहेरची एकही बातमी नाही. एका जुन्या पेपरचं तीन आठवड्यांपूर्वीचं पान, अर्धं कापलेलं. चहा स्वतः करायचा. पत्र लिहायचं, ते दुसरा कुणीतरी वाचून, ओळी काळ्या करून पुढे देणार. दुपारी एक वाफा खणायचा. संध्याकाळी ग्रुपमधल्या एकालाच एक चिठ्ठी देणार. बस. ना तलवार, ना घोडा. आपल्यातल्या निम्म्यांना दुपारी बारापर्यंत दरदरून घाम फुटेल, कारण स्टेटस अपडेट करता येणार नाही. याच गावात महायुद्ध सुरू झाल्यावर पकडलेल्या जर्मन नागरिकांची छावणी होती, तिबेटवर पुस्तक लिहिणारा हाइनरिश हारर आधी इथेच डांबलेला होता. त्याच्याही चाळीस वर्षं आधी बोअर युद्धातले कैदी दक्षिण आफ्रिकेतून इथे आणलेले. म्हणजे नगर हे गाव दोनशे वर्षं कुणा ना कुणाच्या युद्धाचं गोदाम आहे. एवढा माल पडलाय, आणि आपण रणगाड्याच्या नळीला लटकतोय.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं. ती मुलं म्हातारी झाल्यावर परत आली, लहानपणच्या जागा शोधत फिरली, जुन्या ओळखी निघाल्या, आणि २०१९ मध्ये तिथे स्मारक-संग्रहालयाचं काम मार्गी लागलं. त्यात कुणी कुणाला हरवलेलं नाही. तरी लोक जातात, रडतात. म्हणजे 'असलं कोण बघणार' हे खरं नाही.

आणि शिकायला विलायतेला जायला नको. दिवाळीत आपली पोरं किल्ले करतात ना? माती आणायची, पोत्यावर थापायची, अळीव पेरायचं, पाणी मारायचं. याहून जिवंत इतिहास जगात कुठे नसेल. फक्त त्या किल्ल्यात एकदा धान्याचं कोठार आणि पाण्याचं टाकं करायला लावा. मावळे विकत आणता येतात, टाकं करताना विचार करावा लागतो.

आता एक नाजूक जागा. नगरजवळ के. के. रेंज आहे, म्हणजे खारे-कर्जुने. तिथे लष्कराचा रणगाड्यांचा सराव चालतो, आणि निमंत्रितांना, वार्ताहरांना प्रात्यक्षिकंही दाखवतात. फोटो जबरदस्त येतात. सराव हवाच, त्याबद्दल वाद नाही, घाम न गाळता युद्ध जिंकता येत नाही. पण नगर, राहुरी, पारनेर या तालुक्यांतल्या त्या बाजूच्या गावांना विचारा. १९३८ चा, इंग्रजांच्या काळातला एक कायदा आहे, सरावासाठी आणि गोळीबारासाठी जमीन अधिसूचित करायचा. त्या कायद्याखाली या लोकांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. गोळीबाराच्या दिवशी शिवार सोडायचं. जमीन जाणार का राहणार, हे नक्की नाही. पडलेल्या गोळ्यांचं भंगार वेचताना स्फोट होऊन माणसं गेल्याच्या बातम्या येतात, आतल्या पानावर, दोन कॉलम. प्रात्यक्षिकाचा फोटो पहिल्या पानावर. ही माणसं रणगाड्याच्या बाहेरची, पण त्याच गोष्टीतली आहेत की नाहीत? देशासाठी त्याग म्हणायचं तर त्यांचा सत्कार कुठल्या महोत्सवात झाला?

"अरे पण लोक एन्जॉय करायला येतात, कशाला डोक्याला ताप?" हा आक्षेप मला माहीत आहे, ऑफिसात रोज ऐकतो. बरं, मग एन्जॉय करा. वॉटरपार्कला जा. युद्धच कशाला हवं एन्जॉय करायला? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, की भीती, चुका, हार दाखवली तर जवानांचा अपमान होतो. मी म्हणतो उलट आहे. भीती न वाटणारा माणूस शूर कसला, तो प्लास्टिकचा मावळा. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, एका जवानाकडून ऐकलंय.

मित्राचे वडील आहेत, पारनेर तालुक्यातले. १९७१ ला विशीत होते, रणगाड्याचे ड्रायव्हर. मित्राने मला आठ वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यालाही नीट माहीत नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा विषय निघाला. मी विचारलं, "काका, लढाईत काय आठवतं?" म्हणाले, "थंडी." म्हटलं, "म्हणजे?" तर म्हणाले, "अरे डिसेंबर होता. रात्री गाडी बंद केली की वरती इंजिनच्या पत्र्यावर झोपायचो आम्ही, तिथं ऊब राहायची. जागेवरनं भांडणं व्हायची. मधली जागा गनरची, तो मोठा होता वयानं." मग जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दोन दिवसांनी जागा मोकळी झाली. पण मी तिथं झोपलो नाही." आत उठून गेले. काकूंनी मला अजून भाकरी वाढली.

साधा हिशोब करा. १९७१ ला वीस वर्षांचा जवान आज पंचाहत्तरीचा आहे. १९६५ चा ऐंशीच्या पुढे. नगर, पारनेर, श्रीगोंदा, साताऱ्याकडची गावंच्या गावं, अशा माणसांनी भरलेली आहेत आणि ती दर महिन्याला कमी होताहेत. आपल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे, क्लाउडवर जागा आहे, मराठी बोललेलं टाइप करून देणारी यंत्रंसुद्धा आता बऱ्यापैकी चालतात. मोहिमेचं नाव, पदकं, तारखा विचारू नका, त्या पुस्तकात आहेत. रणगाड्यात लघवीला कुठे जायचात ते विचारा. पहिलं पत्र घरी किती दिवसांनी पोचलं, कुणी वाचून दाखवलं. गोळा भरताना हात भाजायचा का. शेजारचा कोण होता.

येत्या शनिवारी मी पारनेरला जातोय. टीममधले तिघं येतो म्हणालेत, आम्ही टँक म्युझियमची ट्रिप रद्द करून त्याच गाडीने निघणार. काकांना फोन केला तर म्हणाले, या, पण कांदा काढायचं चाललंय, चारनंतर या. आणि आधी आलात तर बांधावर नुसते बसू नका.